बूढापाऱ्यातलं बंद बालमंदिर

नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, की प्रवास कधी संपतो ते कळत नाही. गोंदिया मागे पडतं, जंगल दाटू लागतं. डोंगरगडला टेकडीवरच्या बम्लेश्वरीच्या देवळाकडे पाहून डब्यातले निम्मे लोक हात जोडतात. मग राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर. पाचेक तासांचा हा रस्ता मी गेली पंधरा वर्षं करते आहे, कारण माझी धाकटी बहीण लग्न होऊन रायपूरच्या बूढापाऱ्यात गेली.

‘पारा’ म्हणजे छत्तीसगडीत वस्ती, आपला मोहल्ला. बूढापारा, तात्यापारा, ब्राह्मणपारा अशी जुन्या रायपूरची नावं आहेत. बूढापाऱ्याची ओळख म्हणजे तिथला प्रचंड तलाव, बूढा तालाब. तो कलचुरी राजांच्या काळात खोदला गेला असं म्हणतात आणि नाव बूढादेव या आदिवासींच्या दैवतावरून पडलं असं सांगतात. आता त्याला विवेकानंद सरोवर असंही म्हणतात. पाण्याच्या मधोमध स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. सकाळी काठावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, संध्याकाळी मुलांची.

शाळा नव्हती, तेव्हा

पुतळा उगाच नाही. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, आईबरोबर रायपूरला आला. वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त इथं होते. रेल्वे तेव्हा नागपूरपर्यंतच होती. पुढचा सगळा प्रवास जंगलातून, बैलगाडीनं. दोनेक वर्षं हे कुटुंब बूढापाऱ्यात राहिलं. त्या वेळी नरेंद्राला घालण्यासारखी शाळा रायपुरात नव्हती, म्हणून वडिलांनीच त्याला घरी शिकवलं. घरी येणाऱ्या जाणत्या मंडळींच्या चर्चेत त्याला बसू दिलं, बोलू दिलं.

बूढापाऱ्यातलं डे भवन या आठवणीमुळे ओळखलं जातं. याच डे कुटुंबातले हरिनाथ डे. त्यांचाही जन्म 1877 चा. पुढे ते अनेक भाषांचे पंडित म्हणून नावाजले आणि 1907 मध्ये कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले. ते पद मिळवणारे ते पहिले भारतीय. लहानपणी आई भाजी चिरता चिरता त्यांना अक्षरं सांगे आणि ते कोळशानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर गिरवत, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगतात.

मराठी माणसाला इथं आणखी एक नाव भेटतं. तलावाजवळच्या शाळेला आणि मैदानाला माधवराव सप्रे यांचं नाव आहे. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे, ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे. त्यांनीच 1911 साली रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा सुरू केली.

म्हणजे बूढापारा ही शिक्षणाची कदर करणारी वस्ती. म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना मला जास्त लाज वाटते.

फाटकात ठेवलेली पिशवी

बहिणीचा मुलगा 2020 साली चार वर्षांचा होता. गल्लीतल्याच एका छोट्या बालमंदिरात जायचा. एका जुन्या घराच्या दोन खोल्या, अंगणात घसरगुंडी, तीस-पस्तीस मुलं आणि दोन शिक्षिका. त्याच्या वर्गाच्या बाई मराठी घरातल्या. मुलं मात्र त्यांना ‘दीदी’च म्हणत. महिन्याची फी सहाशे रुपये.

मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि घसरगुंडी ओस पडली. तलावाशेजारचं इनडोअर स्टेडियम, जिथं एरवी खेळाचे सामने होत, तिथं करोनाच्या रुग्णांसाठी खाटा लागल्या. पुढच्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, रायपूर पुन्हा कडेकोट बंद झालं. त्या दिवसांत बहीण फोनवर म्हणायची, “ताई, रुग्णवाहिकेचा आवाज आला की हा कानावर हात ठेवून पलंगाखाली जातो गं.”

मोठ्या मुलांसाठी सरकारनं 7 एप्रिल 2020 ला ‘पढई तुंहर दुआर’ म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’ ही योजना काढली. पुढे गावोगावी पाऱ्यापाऱ्यांत, झाडाखाली, ओसरीवर वर्ग भरले. पण चार वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर काय शिकवणार? त्याला अक्षरं नंतर यायची असतात. आधी यायचा असतो धीर. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, डबा वाटून खाणं, पडल्यावर उठणं, आई नजरेआड झाली तरी ती परत येते हा विश्वास. हे शिकवायला माणूस लागतो.

बाईंना ते ठाऊक होतं. दर सोमवारी तोंडाला मास्क बांधून त्या गल्लीत यायच्या. प्रत्येक मुलाच्या फाटकात कागदी पिशवी ठेवायच्या आणि चार पावलं मागे सरून हाक मारायच्या. पिशवीत कधी चिंचोके, कधी रंगीत कागदाचे तुकडे, कधी वेगवेगळ्या झाडांची पानं. सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी : चिंचोके मोजा, पानांच्या जोड्या लावा, आजीला एक गोष्ट विचारून ठेवा, पुढच्या सोमवारी मला सांगा. भाचा फाटकाच्या गजांतून ती गोष्ट ओरडून सांगायचा. आठवड्यातला तेवढा एक दिवस तो आपणहून आंघोळ करायचा.

जूनमध्ये बालमंदिरानं निम्मी फी मागितली. बहिणीनं मला विचारलं. मी नागपुरातून ऐटीत सांगितलं, “शाळाच बंद, तर फी कसली?” तिनं दिली नाही. गल्लीतल्या बहुतेकांनी दिली नाही. खरं सांगायचं तर बहिणीच्या घरचा पगार एक महिनाही चुकला नव्हता.

पिशव्या मात्र मार्चपर्यंत येत राहिल्या.

दुसऱ्या लाटेनंतर बालमंदिर उघडलंच नाही. त्या वर्षभर बाईंना पगार मिळाला नव्हता आणि त्या घरी पापड-शेवया करून विकत होत्या, हे बहिणीला फार उशिरा, शेवया घेतल्या त्या दुकानात कळलं.

नाव अंगणवाडी, मोल मानधनाचं

हे एका गल्लीपुरतं नाही. लहान मुलांना सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या बाईच्या कामाला आपण कामच समजत नाही. “मुलांशी खेळायचं, त्यात काय एवढं?” हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जायचं, ही त्यांची दृष्टी. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत.

महासाथीत या अंगणवाड्यांच्या कार्यकर्त्यांनी काय केलं, तेही छत्तीसगडनं पाहिलं. केंद्रं बंद होती तेव्हा कोरडा शिधा घरोघर पोहोचवला. आजाऱ्यांच्या पाहणीसाठी दारोदार फिरल्या. ‘सजग’ नावाचे पालकांसाठीचे ध्वनिसंदेश आणि ‘चकमक’ नावाचे घरी करायचे खेळ मोबाईलवरून आईबापांपर्यंत नेले. पण सरकारदरबारी त्या मानसेवी. पगार नाही, मानधन.

बूढा तलावाचा काठ वर्षानुवर्षं रायपूरचं धरणं धरण्याचं ठिकाण होता. अंगणवाडीच्या बायाही आपलं गाऱ्हाणं घेऊन इथं येऊन बसल्या आहेत. बहिणीच्या गल्लीतले लोक तेव्हा वाहतूक अडते म्हणून कुरकुरायचे. पुढे ती जागा नवा रायपूरला तूता इथं हलवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये अंगणवाडी कार्यकर्त्या आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात छत्तीसगड सरकारनं कार्यकर्त्यांचं मानधन 6,500 वरून 10,000 रुपये आणि मदतनिसांचं 3,250 वरून 5,000 रुपये करण्याची घोषणा केली. खासगी बालमंदिरातल्या बाईंच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. त्यांचा पगार आपल्या फीवर आणि आपल्या दानतीवर चालतो.

पावती

गेल्या हिवाळ्यात मी आणि बहीण बाईंच्या घरी गेलो. तात्यापाऱ्यात दोन खोल्यांचं घर. भाचाही सोबत होता. आता तो माझ्या खांद्याला लागतो. बाईंनी त्याला ओळखलं, विचारलं, “आजीच्या गोष्टी आठवतात का रे?” तो लाजला, आणि मग कोल्ह्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

बहिणीनं पाकीट पुढे केलं. त्यात त्या दहा महिन्यांची फी होती, निम्मी नव्हे, पूर्ण. मला वाटलं, बाई नको म्हणतील, आम्ही आग्रह करू, डोळे पुसू. तसं काही झालं नाही. बाईंनी नोटा शांतपणे मोजल्या, कपाटातून जुनं पावतीपुस्तक काढलं आणि लिहिलं : जून 2020 ते मार्च 2021, सहा हजार रुपये, मिळाले. म्हणाल्या, “यातले निम्मे दुसऱ्या दीदीचे. काम दोघींनी केलं होतं.”

परतताना तलावाकाठी बसलो. बहीण म्हणाली, “ताई, गल्लीत आणखी वीस तरी घरं असतील.” दुसऱ्या दिवशी ती पावती दाखवत ती स्वतः दारोदार गेली. सात घरांनी पैसे दिले. बाकीच्यांनी ‘बघू’ म्हटलं.

वाचकहो, आपल्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. मुलाला सोडताना तिच्याशी दोन मिनिटं बोला. सुटीच्या महिन्याची फी कापू नका. तिचा पगार वेळेवर होतो का, हे पालकसभेत विचारायला संकोचू नका. आणि मुलाला पहिलं अक्षर आलं, की पेढा आधी तिला द्या.

कसं जाल? मुंबई-हावडा लोहमार्गावर रायपूर हे मोठं स्थानक आहे. विमानतळही आहे, त्याला 2012 पासून स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. बूढापारा जुन्या शहराच्या मध्यभागी आहे, स्थानकावरून रिक्षा मिळते. तलाव पाहायला हिवाळ्यातली सकाळ उत्तम. डे भवन आणि सप्रे शाळेकडे पायीच जा. गल्ल्यांतून जाताना एखाद्या घरातून मुलांचा एकसुरात कवितेचा आवाज आला, तर क्षणभर थांबा.