कुंपण आधी, सरडा नंतर

एडिसन, न्यू जर्सी
18 जानेवारी

चि. ओंकार,


शनिवारी शिकागोतल्या दुकानातून सरड्याचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "मामा, हाच घेतोय." पिल्लू गोड आहे, वाद नाही. पण इतक्यात घरी आणू नकोस.

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आजोळी करवंदीच्या जाळीत घोयरा सरडा दिसला होता, तू तेव्हा दुसरीत होतास. "विषारी असतो, हात लावू नको," म्हणून आजी ओरडली होती. विषारी तो मुळीच नसतो. पण हात न लावण्याचं तिचं बरोबर होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे, तो घरात पाळता येत नाही. तू बघून आलास तो त्याचा येमेन आणि सौदी अरेबियाकडचा भाऊबंद, व्हेल्ड कॅमेलिऑन.

माझा पहिला सरडा माझ्याच हातून गेला. तुझ्या मामीखेरीज हे कुणाला माहीत नाही. दुकानदाराने काचेची टाकी, पाण्याची वाटी आणि तळाला पसरायला लाकडाचा भुसा दिला, मी सगळं मुकाट्याने उचलून आणलं. वाटीतलं पाणी रोज बदलायचो आणि तो तहानलेलाच राहायचा. साठलेल्या पाण्याकडे हे सहसा ढुंकूनही बघत नाहीत. पानावरून ओघळणारा, उजेडात चमकणारा थेंब दिसला की मान पुढे येते, मग जीभ. त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग केशरी झाला होता. पांढरा म्हणजे पाणी पुरतंय, केशरी म्हणजे तहान. डॉक्टरांनी हे सांगितलं तोवर डोळे पार खोल गेले होते.

तेव्हा आधी पिंजरा. जाळीचा घे, दोन फूट बाय दोन फूट आणि चार फूट उंच. झाडावरचा जीव आहे, त्याला ऐसपैस जमीन नको, उंची हवी. पिंजरा टेबलावर चढव, म्हणजे त्याची बसायची फांदी तुझ्या डोळ्यांच्या वर येईल. वरून येणारा तो शत्रू, एवढं त्याला जन्मतः कळतं; जमिनीवर ठेवलास तर प्रत्येक वेळी तुझ्या जागी त्याला ससाणाच दिसेल. शेजारी दुसरा सरडा नको, आरसाही नको. त्याला एकटं राहणं मानवतं, कीव आपल्यालाच येते.

आत झाडं खरी लाव. मनीप्लांट उत्तम, जास्वंदही चालते. हा पानंही खातो, म्हणून रोप धुऊन, नवी माती घालून मगच आत. फांद्या त्याच्या मुठीत मावतील अशा बघ. बोटं चिमट्यासारखी दोन जुडग्यांत असतात, जाड वाशावर पकड बसत नाही. तळ मोकळा, खाली पाण्याचा ट्रे. बस्स.

दिव्यात मात्र कंजूषपणा करू नकोस. यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, लांब ट्यूब लागते, साधा बल्ब पुरत नाही. खिडकीत ठेवीन म्हणशील, तर काच यूव्हीबी अडवते. ते मिळालं नाही की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं वाकतात, जबडा रबरासारखा होतो. ट्यूब जळत राहिली तरी तिचा जोर ओसरतो, म्हणून वर्षाला बदलायची. ऊबदार फांदीवर 29-30 अंश सेल्सियस, खालच्या पानांत गारवा. रात्री सगळे दिवे बंद.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हिणवून म्हणतो. रानातल्या सरड्याला ऊन लागलं तर तो सावलीत जातो, तहान लागली तर दंव शोधतो. तू बांधशील त्या कुंपणात तू ठेवलेलंच ऊन आणि तू पाडलेलाच पाऊस. म्हणून रिकामा पिंजरा पंधरा दिवस चालव. शिकागोत जानेवारीत हीटर लागला की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. सकाळ-संध्याकाळ फवारा मार आणि बघ, पानं मधल्या वेळात सुकतात का? सतत ओली राहिली तर बुरशी, मग छातीचा आजार. दिवसा आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहते का? हे आकडे वहीत लिही. सरडा आल्यावर चुका करत शिकायचं म्हणजे त्याच्या जिवावर शिकायचं. मी तसंच शिकलो.

वहीच्या पानांचे फोटो पाठव. आकडे ठीक वाटले तर मी स्वतः येतो, दुकानात बरोबर जाऊ.

तुझा,
मामा

ता. क. - घ्यायचा तर नरच घे. मादी नराशिवायही अंडी घालते; तिला खणायला ओल्या वाळूचं खोल घमेलं लागतं, ते नसेल तर अंडी अडून ती मरू शकते. आणि खायला घालायचे रातकिडे डब्याबाहेर सुटू देऊ नकोस. आमच्या फ्रिजमागे एक तीन आठवडे गात होता.