जरा जड भाषेत लिहा

'जरा जड भाषेत लिहा,' असं सांगून लोक माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतात आणि मग जे सांगायचं ते अगदी हलक्या, स्वच्छ मराठीत सांगून टाकतात. तहसील कचेरीच्या कंपाउंडला लागून आमची रांग आहे. स्टॅम्प व्हेंडर, झेरॉक्सवाला, नोटरी आणि आम्ही अर्ज लिहिणारे. टाइपरायटर गेले, लॅपटॉप आले, पण ही मागणी काही गेली नाही. जड म्हणजे 'सदर', 'उपरोक्त', 'सबब', 'येणेप्रमाणे'. असे शब्द जितके जास्त पेरावेत तितका साहेब दबेल, अशी समजूत. साहेब कशाला दबतोय! तो विषयाची ओळ वाचतो, खालची सही बघतो, कोपऱ्यात दोन अक्षरं खरडतो आणि अर्ज कारकुनाकडे सरकवतो. हा कागद कुठल्या फायलीला लावायचा एवढं त्या कारकुनाला कळलं, की भाषेचं निम्मं काम झालं.

म्हणून मी आधी विचारतो, हे वाचणार कोण? वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे. 2024 साली त्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, तेव्हा कागदावर तसं लिहितो; तोंडी मात्र तो भाऊसाहेबच. त्याला हवं असतं मयताचं नाव, मृत्यूची तारीख, गट नंबर, क्षेत्र, वारसांची नावं, वयं आणि नाती. गाव नमुना 6-क मध्ये एवढंच उतरायचं असतं. थोरल्यानं आजारपणात ढुंकून पाहिलं नाही, पुतण्यानं बांध कोरला, हे सगळं मी ऐकून घेतो आणि त्यातलं काहीही लिहीत नाही. जमिनीत हक्क आला की तीन महिन्यांत कळवावं, असं महसूल संहिता सांगते. लोक येतात कित्येक वर्षांनी. त्यामुळे ऐकण्यासारखं भरपूर साठलेलं असतं.

अर्ज वाचून दाखवल्याशिवाय मी कुणाचा अंगठा घेत नाही. एका मावशींना असाच वाचून दाखवत होतो. 'मयत' म्हटलं आणि त्यांनी हात वर करून थांबवलं. 'मयत नको म्हणू रं. गेले म्हण.' आता कागदावर 'गेले' लिहिलं तर कारकून विचारणार, कुठे गेले? पुण्याला? तेव्हा कागदावर 'मयत' तसंच ठेवलं आणि वाचताना 'गेले' म्हणत राहिलो. पुढे त्या म्हणाल्या, 'सायबाला सांग, माझं नाव लावून दे, मला दुसरं काय नको.' कागदावर त्याचं 'वारस म्हणून माझे नाव नोंदविण्यात यावे, ही विनंती' असं झालं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या कलेक्टरलाही अरे-तुरे करतात. समोरासमोर त्याचं कुणाला काही वाटत नाही. कागदाला मात्र चेहरा नसतो, म्हणून तिथं 'आपण' आणि 'महोदय' लागतं.

पूर्वी याचं केवढं शास्त्र होतं! कोणाला कसं लिहावं याचे नियम सांगणारं 'मेस्तक' हेमाडपंताच्या नावावर सांगतात. मोडी पत्रात वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', मानाच्या गृहस्थाला 'राजमान्य राजश्री'. शेवटी वरिष्ठासाठी 'हे विनंती' आणि हाताखालच्यासाठी 'जाणिजे'. मायना नुसता पाहिला तरी कोण वर, कोण खाली ते समजायचं. शाळेतलं 'सा. न. वि. वि.' हे त्याचंच उरलेलं शेपूट. ते सगळं 'महोदय' आणि 'आपला विश्वासू' यांत आटलं याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. खटकतं ते वेगळंच. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर कचेरी मराठीत आली आणि मराठी कर्मणीत गेली. 'कळविण्यात येते', 'कार्यवाही करण्यात येईल'. कळवतो कोण, करणार कोण, याचा पत्ता नाही. अर्जदारानं तरी असं बोलू नये. 'मी अर्ज दिला, मला पोच मिळाली, मोजणी झाली नाही' असं तारीखवार लिहिलं की टोलवायला जागा कमी उरते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिताना याची खरी परीक्षा लागते. माणूस तापून आलेला असतो. 'माझी मोजणी का होत नाही? पैसे खाल्ले का, ते विचारा.' पण 2005 च्या या कायद्यानं दप्तरात असेल ते मिळतं. 'का'चं उत्तर दप्तरात नसतं. 'अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही' एवढं उत्तर येतं आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प वाया जातो. शिवाय आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि साधारण 150 शब्दांत हवा. तेव्हा 'का' काढतो, 'कृपया' काढतो, आणि लिहितो : 'माझ्या मोजणी अर्जावर आजपर्यंत लिहिल्या गेलेल्या सर्व टिपण्यांची प्रत, तसेच आवक-जावक नोंदवहीतील संबंधित पानांची प्रत मिळावी.' वाचून माणूस हिरमुसतो. 'यात राग कुठाय?' म्हणतो. त्याला म्हणतो, 'दादा, राग घरी ठेवा, 30 दिवस थांबा.' प्रत आली आणि तीत कोऱ्या जागा दिसल्या, की त्यालाच समजतं आपण काय विचारलं होतं.

पण एका प्रकारच्या अर्जाला ही सगळी शिस्त उलटी लावावी लागते. जातीवरून शिवीगाळ झालेला माणूस येतो आणि सोबतचा शिकलेला मुलगा म्हणतो, 'काका, नुसतं जातिवाचक शिवीगाळ केली असं लिहा. तो शब्द कागदावर नको.' मुलाचं मला कळतं. तरीही ऐकत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार द्यायची तर काय म्हटलं, कुठे म्हटलं, लोकांसमोर म्हटलं का, भोवती कोण होतं, या सगळ्यावरच मदार असते. सभ्य शब्द घातला की झाकलं जातं बोलणाऱ्याचं तोंड, ऐकणाऱ्याची लाज नव्हे. म्हणून बाकी सगळं 'सदर इसम', 'वादाचे ठिकाण', 'समक्ष हजर साक्षीदार' अशा ठरीव भाषेत, आणि ते एक वाक्य अवतरणात, जसं बोललं तसं.

असा अर्ज मी मोठ्यानं वाचत नाही. मागची रांग कान देऊन असते. स्क्रीन वळवतो आणि म्हणतो, 'वाचून बघा, असंच म्हणाला ना?' मागं एका अण्णांनी चष्मा लावून ते वाक्य सावकाश वाचलं, शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

'आहेस नाही, हाईस म्हणाला.'

'हाईस' केलं आणि तीन प्रती काढल्या. एक ठाण्यात द्यायला, एक वर पाठवायला आणि एक पोच घेऊन त्यांच्यापाशी ठेवायला.