देशी बदाम

बार्शीला समुद्र नाही. सगळ्यात जवळचा किनारा गाठायचा तर अडीचशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं. तरी शाळेच्या मैदानात, दवाखान्याच्या फाटकाशी, जुन्या वाड्याच्या परसात हा दर्यावर्दी गडी ठिय्या देऊन असतो. नाव सांगतो बदाम. काबुली बदामाशी त्याचं काडीचं नातं नाही. तो गुलाबाच्या कुळातला. हा हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन यांचा भाऊबंद. पोरांना मात्र त्याची कुंडली नको असते, फळं हवी असतात.

याचं माहेर उष्ण देशांचे किनारे आणि लक्षद्वीप-मालदीवसारखी प्रवाळबेटं. तिथं माती म्हणावी असं काही नसतंच. पोवळ्यांचा चुरा, वर खारं वारं, खाली गोड्या पाण्याचा पातळ थर. त्यावर नारळ, केवडा, उंडी यांच्या पंगतीत हा. नारळाला माणसानं हाताला धरून बेटोबेटी नेलं, लाडानं वाढवलं. बदामाचा बराचसा कारभार स्वतःच्या हिमतीवर. फळाची साल बुचासारखी हलकी; लाटांवर तरंगत जायचं आणि लागेल त्या वाळूत रुजायचं. १८८३ साली ज्वालामुखीनं क्राकाटोआ बेटावरचा झाडोरा भस्म करून टाकला. पुढं तिथल्या किनाऱ्यावर जे रान उभं राहिलं, त्यात हे महाशय होतेच.

बार्शीत त्याला माणसानं आणलं, सावलीच्या लोभानं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, पण हा आडव्या फांद्यांचे मजल्यावर मजले चढवत राहतो. दोष एकच: पानं. वर्षातून दोनदा ती लालभडक होतात आणि बदाबदा गळतात. शाळेतल्या झाडणाऱ्या मावशी म्हणतात, "आत्ता झाडलं, आत्ता पुन्हा तेवढंच. मेल्याला दुसरा उद्योग नाही!" मावशींचं खोटं नाही. तरी झाड तोडायचा ठराव आला, तर माझा हात वर होणार नाही.

जोराचा पाऊस झाला आणि गटार भरून वाहू लागलं, की त्याची जुनी खोड उफाळून येते. खाली पडलेली फळं एकामागोमाग तरंगत निघतात आणि गल्लीच्या तोंडाशी जाळीत जाऊन अडकतात. तिथून पुढं दर्या गाठायचा म्हणजे अंमळ अवघडच.

राहिलेली फळं पोरांची आणि वटवाघळांची. वरचा गर तुरट-गोड. खरी मजा आतल्या बीची. वाळलेली बी कडेवर उभी धरायची आणि दगड बेतानं घालायचा. जोर जास्त झाला की बीचा भुगा, नेम चुकला की बोटाचा. गर शाबूत निघालाच, तर अंगठ्यानं हलकेच दाबावा. बीची दोन्ही दलं एकमेकांत गुंडाळून ठेवलेली असतात, ती पदर सुटावेत तशी मोकळी होतात. चव मात्र थेट बदामाची. घास केवढा, तर जिभेवर ठेवला की संपला. तेवढ्यात घंटा होते, उरलेली फळं खिशात जातात, आणि त्या खिशाचा डाग घरी कुठल्याच साबणाला दाद देत नाही.