आश्विनातला प्राणी

शिशुवर्गात ‘शरद ऋतूतला प्राणी रंगवा’ म्हटलं की अजूनही तोच विलायती हेजहॉग पुढे येतो. फोर्क रंगात बुडवून ओढलेले पाठीवरचे काटे आणि भोवती नारिंगी मेपलची पानं. डहाणू-तलासरीत हे मला फार खटकतं. इथला साग आश्विनात हिरवागार असतो, त्याची पानं गळायला उन्हाळा तोंडावर यावा लागतो. आश्विनात भात पिकतं, कापणी होते, तारपा वाजतो, वाघबारशीला वाघदेव पुजतात. ऋतू इथला आणि प्राणी तेवढा परका, असं का? तेही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या तालुक्यात! बोर्डीचं बालशिक्षणाचं काम १९५७ साली कोसबाडला नेल्यावर त्यांनी पानं, बिया, शिंपले यांनाच बालवाडीची साधनं केलं होतं.

मग इथलाच प्राणी वारली पद्धतीने काढू द्यावा म्हटलं, तर हरकत येते ती वयाची, आणि ती खोटी नाही. तीन वर्षांच्या मुलाला गोल जमतो. त्रिकोण साधायला साधारण पाचवं वर्ष उजाडतं. टोकाला टोक भिडवलेल्या दोन त्रिकोणांचा वारली बैल त्याच्या हाताबाहेरचाच. पण बैलच हवा असं कुणी सांगितलं? ठिपक्याला ठिपका लावला की मुंगी होते. अंगठ्याचा ठसा उठवून करंगळीने रेघा ओढल्या की बांधावरचा खेकडा होतो. रंगासाठी तांदूळ भिजवून वाटावा, त्यात डिंकाचं पाणी घालावं, पुठ्ठ्यावर गेरूचा हात द्यावा. ओलेपणी हे पीठ फिकं दिसतं, म्हणून मुलं त्यावर थरावर थर चढवतात आणि वाळल्यावर त्याचे पोपडे निघतात. एकच हात देऊन थांबलं, तर वाळता वाळता पांढरं आपोआप उठून दिसतं.

दुसरी हरकत पावित्र्याची. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चित्र, सवाशिणींनी लिहायचा, त्यात पालघाट देवी बसते. तो खेळात आणू नयेच. पण मुंगी-खेकडे म्हणजे चौक नव्हे. शिवाय गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कपबशांवर वारली छापताना कुणाला पावित्र्य आठवत नाही, मग बालवाडीच्या दारातच ते का आठवावं?

तरी एका बाबतीत माझं मलाच पटत नाही. हेजहॉगच्या जागी उद्या छापील वारली बैल आला आणि मुलांनी त्यात नुसता पांढरा रंग भरला, तर काय साधलं? त्यापेक्षा तो फोर्क बरा. त्याच फटकाऱ्यात झकास साळिंदर होतं, आणि साळिंदर तर आपल्याच रानातलं. तेव्हा बाईंनो, यंदा झेरॉक्स काढू नका. वाटीभर तांदूळ भिजवा, आणि मुलाने खेकड्याला सातच पाय दिले तर मोजून दुरुस्त करायला जाऊ नका.