हातात पडणारी रक्कम

बाबांनी मला पे-स्लिप वाचायला शिकवलं तेव्हा मी सहावीत होते. ए शिफ्ट संपवून ते सायकलवरून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि खिशातून घडी घातलेला तो लांबट कागद काढायचे. माझ्या कंपासपेटीतली पट्टी मागून घ्यायची, ती पहिल्या ओळीखाली ठेवायची आणि म्हणायचं, "वाच बेटा."

बाबा तुमसरचे. रशियाशी झालेल्या 1955 च्या करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला, 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली आणि गोंदिया-भंडाऱ्याकडची कितीतरी पोरं गाडीत बसून इकडे आली. त्यांतले ते एक. रेल मिलमध्ये लागले, सेक्टर सातला क्वार्टर मिळालं. शेतकऱ्याच्या घरात पैसा पीक आल्यावर दिसतो. दर महिन्याला ठरलेला पैसा येतो, ही त्यांच्या घराण्यातली पहिलीच गोष्ट. म्हणूनच त्या कागदाचं त्यांना इतकं अप्रूप असावं.

डावीकडे मूळ पगार, महागाई भत्ता, रात्रपाळीचा भत्ता. मी बेरीज मोठ्यानं वाचली आणि हरखले. बाबांनी पट्टी उजवीकडे सरकवली. तिथे कपात होती. भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता, क्वार्टरचं भाडं, वीज, सोसायटी, सणाची उचल. एकेका ओळीवर ते थांबायचे. फंडाचा पैसा आपलाच, पण आत्ताचा नाही, आई-बाबा म्हातारे होतील तेव्हाचा. विम्याचा हप्ता मी नसलो तर तुमच्यासाठी, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. आई आतून "काहीतरीच बोलता पोरीसमोर" म्हणाली, तरी ते थांबले नाहीत.

सणाच्या उचलीशी मी अडले. "हे काय?"

"दिवाळीला तुझा फ्रॉक घेतला ना, त्याचे."

दहा हप्त्यांत फेडायचे होते. होळी झाली होती. फ्रॉक मला आखूड व्हायला लागला होता आणि त्याचे पैसे अजून कापले जात होते. कर्ज या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला, तो पुढे कोणत्याही पुस्तकानं त्याहून स्पष्ट सांगितला नाही.

सगळ्यात खाली हातात पडणारी रक्कम. ती मी वहीत उतरवायची, मग आई तिच्यातून किराणा, दूध, शाळेची फी, तुमसरला आजीला पाठवायची मनीऑर्डर असे वाटे पाडायची. मला विचारायचीही, "बस, या महिन्यात काय थांबवू?" हा प्रश्न दहा-अकरा वर्षांच्या मुलीला विचारावा का, यावर लोकांची मतं वेगळी असतील. मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. उलट घराच्या एका मोठ्या कामात आपला हात लागतोय, असं वाटायचं.

शाळेत संचयिका होती, मुलांनी चालवायची बचत बँक. पोस्टातही माझं खातं होतं. त्या वयाच्या मुलाला स्वतःच्या सहीनं व्यवहार करता येतो, म्हणून बाबांनी मला काउंटरवर एकटीला उभं केलं होतं. ती चांगलीच शिकवण होती. पण गुल्लक असो की पासबुक, मूल तिथे फक्त साठवायला शिकतं. पैसा येतो कुठून, जातो कुठे आणि कुणासाठी जातो, हे मी पट्टीखाली शिकले.

मी आठवीत असताना उजवीकडे एक नवी ओळ आली. शंभर रुपये. मी वाचलं आणि बाबा गप्प झाले. आईनं कणिक मळता मळता मान वर केली. तिलाही ठाऊक नव्हतं.

शेजारच्या ब्लॉकमधल्या एका काकांनी कर्ज काढलं होतं आणि बाबा त्यांना जामीन राहिले होते. काकांचे हप्ते थकले. जामीनदाराच्या पगारातून वसुली सुरू झाली. बाबांना तो कागद खिशात ठेवून देता आला असता. पण महिना आला की वाचायचं असं ठरलेलं, म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. "सही केली होती बेटा," ते म्हणाले. "पैसे घेतले नाहीत, पण सही माझी." त्या वर्षी माझ्या भावाची सायकल राहिली.

आता मी इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. सातवीत सरळव्याज, आठवीत चक्रवाढ. मुलं गणितं पटापट सोडवतात. पण घरात महिन्याला किती येतात, असं विचारलं की वर्ग एकमेकांकडे बघतो. आईबाप सांगत नाहीत आणि हल्ली दिसतही नाही. पगार मेसेजमध्ये येतो, दूधवाल्यापासून सुपेल्याच्या भाजीवाल्यापर्यंत सगळे पैसे फोनवरून जातात. मोजणारी बोटंच मुलांच्या नजरेसमोर राहिली नाहीत. हे मला खरोखर काळजीचं वाटतं.

आणि आमच्या गावाला ही काळजी जरा जास्तच असायला हवी. 2023 मध्ये महादेव बेटिंग ॲपच्या प्रकरणात भिलाईचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. त्या नोव्हेंबरात केंद्रानं हे ॲप आणि तसली इतर मिळून 22 ॲप-संकेतस्थळं बंद केली. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही संसदेनं केला. पण असल्या धंद्यांना पैसा फिरवायला दुसऱ्यांच्या नावाची बँक खाती लागतात आणि ती भाड्यानं मागितली जातात ती कॉलेजच्या पोरांकडे. पासबुक, एटीएम कार्ड, सिम द्यायचं, बदल्यात काही हजार घ्यायचे. पोलीस येतात ते खातं ज्याच्या नावावर त्याच्या दारात.

माझा मुलगा अठराचा झाला आणि दोनच महिन्यांत असं विचारणं त्याच्याकडे आलं. मित्राच्या मित्राकडून. रात्री जेवताना त्यानं सहज सांगितलं, "आई, नुसतं खातं द्यायचंय. पैसे आपले नाहीतच." आमच्याकडेही माझी पे-स्लिप दर महिन्याला वाचली जाते, आता फोनवर. पट्टीच्या जागी मी अंगठा धरते. त्या सवयीनंच तो बोलला असेल.

मी त्याला शंभर रुपयांची ओळ सांगितली. तो जेवायचा थांबला. मग माझ्यासमोरच फोन लावून म्हणाला, "नहीं यार, खाता नहीं दूँगा। मेरा नाम है उसमें।"

फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "आजोबांनी सगळे फेडले?"

"सगळे. दोन वर्षं आणि वर चार महिने."

"आणि ते काका?"

"दर दिवाळीला यायचे. आजोबा त्यांना फराळाचं ताट द्यायचे आणि सायकलवरून फाटकापर्यंत सोडायला जायचे."