ओलं सरपण

‘खालीलपैकी कोणतं विधान वरील युक्तिवाद सर्वाधिक दुबळा करतं?’ कायद्याच्या प्रवेशासाठीच्या क्लॅटमध्ये हा प्रश्न असतो, व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीच्या जीमॅटमध्ये असतो. अमेरिकेतल्या एलसॅटमध्ये तर ऑगस्ट २०२४ पासून लॉजिकल रिझनिंगचे दोन विभाग गुणांत धरले जातात, त्यामुळे तिथे त्याचं महत्त्व आणखी वाढलंय. मी क्लॅटच्या मुलांना तर्क शिकवतो आणि सगळ्या प्रकारांत मला हाच प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. पुराव्यावरून निष्कर्षावर जाताना मधे काय गृहीत धरलं, ते इथे हुडकायचं असतं.

एक उतारा घेऊ. तालुक्यातल्या काही गावांत बंधारे बांधले, नाले रुंद केले. पुढच्या वर्षी तिथल्या विहिरींचं पाणी वाढलं. म्हणून पाणी या कामांमुळेच वाढलं. आता पर्याय पाहा. पहिला: कामांवर ठरल्यापेक्षा जास्त खर्च झाला. दुसरा: त्या गावांतल्या दोन-तीन विहिरी तरीही कोरड्या राहिल्या. तिसरा: जिथे एकही बंधारा झाला नाही, त्या शेजारच्या गावांतही विहिरींचं पाणी तेवढंच वाढलं. चौथा: असे आकडे पुष्कळदा फुगवलेले असतात.

हुशार मुलं चौथ्याकडे ओढली जातात. पुरावाच खोटा पाडला की झालं, असं त्यांना वाटतं. पण उताऱ्यातली माहिती खरी धरूनच चालायचं, हा या परीक्षांचा नियम आहे. खर्चाचा इथे संबंध नाही. दुसरा पर्याय सर्वांत फसवा, कारण तो किंचित ओरखडा काढतो खरा; पण बाकीच्या विहिरींना पाणी का आलं, याला तो हातच लावत नाही. तिसरा लावतो. काम नसतानाही तेच घडलं, म्हणजे कारण दुसरं असू शकतं, कदाचित त्या वर्षीचा पाऊस. बंधारे निरुपयोगी आहेत, हे तो सिद्ध करत नाही आणि करायची गरजही नाही. निष्कर्ष पार खोटा पाडणारं उत्तर शोधणारा विद्यार्थी नेमका हा पर्याय ‘अपुरा’ म्हणून सोडून देतो. वर्गात माझा सर्वांत जास्त वेळ ही एक सवय मोडण्यात जातो.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, गृहीतक हुडकण्याच्या या कामाला फार नेमकी जागा दिली आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान टिकतं. ते उलटवून जिथे अग्नी तिथे धूर म्हटलं, की तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो: अग्नी आहे, धूर नाही. पण न्यायशास्त्र अपवाद दाखवून थांबत नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं, ही लपलेली अट ते उघडी करतं आणि तिला ‘उपाधी’ म्हणतं. धूर आहे तिथे ओलं सरपण असतं. अग्नी आहे तिथे ते असेलच असं नाही. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा सतराव्या शतकातला छोटा ग्रंथ या परीक्षांच्या कोणत्याही गाइडइतकाच उपयोगी आहे, असं मी मनापासून सांगतो.

अशी अट प्रत्यक्षात सापडली, की काय होतं ते बर्कली विद्यापीठात दिसलं. १९७३ मध्ये तिथल्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के. प्रवेश देताना भेदभाव झाला, हा निष्कर्ष सरळच वाटतो. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या संशोधकांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या लेखात विभागवार आकडे मांडले. ज्या विभागांत सगळ्यांनाच प्रवेश अवघड होता, तिथे स्त्रियांचे अर्ज अधिक होते. आकडे खरेच राहिले, निष्कर्षाचा आधार मात्र सुटला. स्त्रियांवर कुठेच अन्याय होत नव्हता, असं यातून ठरत नाही. शिक्षणात त्याआधीच्या पायरीवर काय घडतं, तिकडे तो लेख बोट दाखवतो.

क्लॅटमध्ये दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून मुलं घाईने थेट पर्यायांवर जातात. तसं करू नका. निष्कर्ष सापडला की क्षणभर थांबा. दिलेली सगळी माहिती खरी असूनही हा निष्कर्ष चुकायचा, तर काय घडलेलं असावं लागेल, हे आधी स्वतःला विचारा. सरावाच्या वेळी तरी पर्याय हाताने झाकून ठेवा आणि तुमचा आक्षेप समासात लिहून मगच हात काढा.