डाव्या कुशीवर

आमच्या राउंडला मोबाइल खिशातून काढायचा नाही, हा माझा नियम. म्हणजे, होता. परवा एका इंटर्न मुलीने तो मोडायला लावला.

नववा महिना लागलेली एक बाई दम लागतो म्हणून दाखल झाली होती. हिमोग्लोबिन साडेसहा. मी घाईघाईत छाती तपासली, "रक्त कमी आहे, दम लागणारच" म्हणालो आणि रक्त चढवायचं लिहून पुढच्या खाटेकडे वळलो.

थोड्या वेळाने ही मुलगी चाचरत आली. "सर, मला मर्मर ऐकू येतोय. मायट्रल स्टेनोसिससारखा."

"पुस्तकात वाचलास की कानाने ऐकलास?"

"ॲपवर ऐकलाय सर. रोज बसमध्ये ऐकते. इयरफोन लावूनच, कारण इतका खालचा आवाज फोनच्या स्पीकरवर येतच नाही. त्यात सांगतात, पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, स्टेथोची बेल अलगद टेकवा, श्वास सोडायला सांगा."

तिने बाईला वळवलं होतं. मी वळवलं नव्हतं.

मी परत गेलो. तिने केलं तसंच केलं. होता! दूरवर ढग गडगडावेत तसा. एकोने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप अरुंद होते आणि बाईला पत्ताही नसतो. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, तेव्हा कुठे दम लागायला लागतो. त्यात भराभर रक्त चढवलं असतं तर फुफ्फुसांत पाणी भरलं असतं. मी लिहिलेलं मीच खोडलं.

आता मीही तेच ॲप घेतलंय. पण दुसऱ्या दिवशी त्यातच दहापैकी दहा मिळवणाऱ्या एका मुलाने गारठलेला स्टेथो तसाच एका आजींच्या छातीवर ठेवला. त्या दचकल्या. वर पंखा खडखडत होता, शेजारी कोणी खोकत होतं. याला काहीच ऐकू येईना. ॲपमध्ये एका वेळी एकच स्वच्छ आवाज असतो आणि खाली चार पर्याय असतात. आजींच्या छातीखाली पर्याय कुठले?

असो. नियम बदललाय. आवाज ॲपवर शंभरदा ऐका, मग पेशंटकडे या. येताना स्टेथो तळहातावर घासून गरम करा. आणि सर घाईत असले, तर त्यांना थांबवा.